वजन उतरवायला चालणं की वजनं उचलणं? आठ महिने चालून माझं मत पालटलं

पूर्णाकाठ (परभणी)

राम राम मंडळी. बरेच दिवस मनात साचलेलं मांडायलो. पटलं नाही तर मोकळेपणाने सांगा, पण आधी पूर्ण वाचा.

मी शिक्षक. वय 44, उंची 170 सेंटिमीटर. मागच्या दिवाळीला वजन 92 किलो होतं. डॉक्टरांनी साखर काठावर आलीय म्हणून सांगितलं, तसं पाडव्यापासून कृषी विद्यापीठाच्या रस्त्याने चालणं धरलं. रोज पहाटे तासभर, सहा किलोमीटर, एक दिवस खाडा नाही. रात्रीच्या तीन भाकरींची एक केली. जूनपर्यंत काटा 83 वर आला. भेटेल तो म्हणायचा, "सर, लई उतरलात की!" मलाही वाटलं, गड सर झाला.

मग पेरणीच्या तोंडावर बियाण्याला पैसे पाहिजेत म्हणून, भाव वाढेल या आशेवर घरात ठेवलेलं सोयाबीन मोंढ्यावर न्यायचं ठरलं. पन्नास-पंचावन्न किलोचे कट्टे. दरवर्षी ट्रॉलीत मीच भरतो. कट्ट्याचे कान धरले, गुडघ्यावर घेतला, आणि तिथून तो वर जाईना. मांड्या लटलट कापायल्या. दुसऱ्यांदा जोर लावला तर हातातून सुटून ओट्यावर आपटला, शिवण उसवली, दाणे माझ्या पायावर. वडील 71 वर्षांचे. ते काही बोलले नाहीत. खाली वाकून त्यांनी एका बाजूने हात घातला तेव्हा कुठं कट्टा ट्रॉलीत पडला. 92 किलोचा होतो तेव्हा हे काम मी एकटा करत होतो.

त्या रात्री बनियन काढून आरशासमोर उभा राहिलो. दंड वाळलेले, खांद्याची हाडं वर आलेली. टेप लावून पाहिला, कमरेचा घेर 106 वरून 99. आपल्याकडच्या पुरुषाचा 90 च्या आत पाहिजे म्हणतात. म्हणजे पोट अजून बाकी आहे आणि अंगातला जोर मात्र गेला.

खाणं तोडून उतरवलेल्या वजनात साधारण पाव हिस्सा स्नायूंचा असतो. शरीराला खायला कमी मिळालं की ते चरबी मोडतं तसे स्नायूही मोडतं. स्नायूंना रोज ओझं पेलायचं काम असेल तर ते टिकतात, नसेल तर जातात. नुसत्या चालण्यात हाताला, खांद्याला, पाठीला कामच कुठे आहे? तिशीनंतर स्नायू तसेही दर दहा वर्षांत थोडे-थोडे झिजत जातात. त्यात मी आठ महिने स्वतःच्या हाताने भर घातली.

म्हणून माझं मत असं झालंय: वजन उतरवायचं असेल त्याने पहिल्या दिवसापासून वजनं उचलावीत. चालणं जोडीला ठेवावं, पण मुख्य काम लोखंडाचं. आपल्याकडे डॉक्टर असो की शेजारी, जो तो "रोज फिरत जा" एवढंच सांगतो. हे अर्धवट सांगणं आहे.

औशाची लेक (लातूर जिल्हा)

सर, तुमच्या कट्ट्याचं वाचून वाईट वाटलं. पण तुमच्या निष्कर्षाला माझा ठाम विरोध आहे.

माझं वजन 78 होतं, आज 64 आहे. दीड वर्ष लागलं. एकही डंबेल हातात धरला नाही. आमच्या लातूरचे डॉ. जगन्नाथ दीक्षित गावोगाव सांगत आलेत की दिवसातून दोनदाच जेवा, जेवण 55 मिनिटांच्या आत उरका आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. त्यातलं दोनदा जेवणं मला जमलं नाही, पण चालणं मी धरलं ते आजतागायत सोडलं नाही. किल्ल्याच्या बाजूने जाते आणि उलट फिरून येते.

आता तालुक्याच्या ठिकाणी बाईने लोखंड उचलायचं कुठे ते सांगा. आमच्याकडच्या जिममध्ये बायकांची वेगळी वेळ नाही. दारात पोरांच्या गाड्या, आत मोठ्याने गाणी. महिन्याची फी, वरून पावडरीचा खर्च. मी साडीखाली बूट घालून पहिल्यांदा रस्त्याने निघाले तेव्हा गल्लीतल्या बायका दारात येऊन बघायच्या. एवढं सोसून घराबाहेर पडलेल्या बाईला तुम्ही म्हणणार, हे अर्धवट आहे?

दुसरं, गुडघे. वजन एक किलो उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने उतरतो, हे तपासून सिद्ध झालेलं आहे. माझे 14 किलो गेले, म्हणजे हिशोब करा. जिना उतरताना कठडा धरत होते, आता धरत नाही. हे मला चालण्याने दिलं.

जे रोज होतं तेच कामाचं. तुमचं लोखंड किती जण सहा महिने टिकवतात?

लोखंडी (नांदेड)

सरांना शंभर टक्के पाठिंबा. मी अकरा वर्षं ट्रेनर आहे. ट्रेडमिलवर तास-तास घालवणारे लोक वर्षानुवर्षं तसेच दिसतात. चालताना कॅलरी जळतात त्या चालेपर्यंतच. थांबलात की संपलं. वजनं उचलून एक किलो स्नायू वाढवला तर तो बसल्या जागी, झोपेतसुद्धा दिवसाला शंभर कॅलरी जाळतो. पाच किलो वाढवा, पाचशे कॅलरी फुकट. कार्डिओची, म्हणजे चालण्या-पळण्याची, गरजच उरत नाही.

ताई, फीचं म्हणाल तर आमच्याकडे सकाळी दहा ते बारा बायकांची वेळ ठेवलीय आणि बायका येतात. मागणी केली तर तुमच्याकडेही ठेवतील.

वाळूज तिसरी पाळी (छत्रपती संभाजीनगर)

दोन्ही बाजू वाचल्या. मी कंपनीत उभ्याने काम करतो, रात्रपाळीत आठ तासांत माझी दहा-बारा हजार पावलं होतात, वर माल उचलणं आहेच. म्हणजे तुमचं चालणं पण आणि लोखंड पण. तरी माझं पोट सुटलेलंच होतं.

काय होतं ते मोजायला बसलो. पाळीत सहा चहा, घरी चार. एका चहात दोन चमचे साखर धरली तर नुसत्या साखरेच्या चारशे कॅलरी, दूध वेगळं. पहाटे सुटलो की गेटवर भजे-पाव. चहा बिनसाखरेचे तीन केले, भजे रविवारी. पाच महिन्यांत सात किलो. व्यायाम तोच, जो आधी होता. भाकरीचं आणि भज्याचं बोला, मग बाकीचं.

फिजिओ (अंबाजोगाई)

मी फिजिओथेरपिस्ट आहे. थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे दोन्हीकडून काही गोष्टी ताणल्या जायल्या आहेत.

लोखंडी दादा, एक किलो स्नायूने झोपेत शंभर कॅलरी जळतात हे सगळीकडे ऐकू येतं, पण ते खरं नाही. विश्रांतीत एक किलो स्नायू दिवसाला साधारण 13 कॅलरी जाळतो आणि एक किलो चरबी साडेचार. नवख्या माणसाने मेहनत करून वर्षभरात दोन किलो स्नायू कमावला तर दिवसाला 26 कॅलरी झाल्या. दीड चमचा साखर. त्या भरवशावर कुणाला जिमला बोलवू नका, लोकांचा विश्वास उडतो.

आता समोरासमोरची तुलना. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचा 2012 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. बैठं काम करणारे, वजन जास्त असलेले 119 लोक, आठ महिने, तीन गट. एका गटाने फक्त चालणं-पळणं केलं, दुसऱ्याने आठवड्यातून तीन दिवस फक्त वजनं उचलली, तिसऱ्याने दोन्ही. काट्यावरचं वजन उतरलं ते पहिल्या आणि तिसऱ्या गटाचं. फक्त वजनं उचलणाऱ्यांचं वजन किलोभर वाढलं, कारण स्नायू वाढले आणि चरबी जवळपास तेवढीच राहिली. म्हणजे "वजन कमी करायचंय" एवढंच ध्येय असेल तर औशाच्या ताईंचं पारडं जड आहे.

पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्टही सांगायला हवी. आठ महिने घाम गाळून पहिल्या गटाचं सरासरी वजन दोन किलोसुद्धा उतरलं नाही. कारण खाण्यात बदल सांगितलेला नव्हता. वाळूजच्या दादांचं म्हणणं इथे खरं ठरतं. 83 किलोचा माणूस तासभर झपाझप चालला तर तीनशे-साडेतीनशे कॅलरी जातात. पन्नास ग्रॅम शेंगदाणे, म्हणजे चांगली मूठभर, खाल्ले की पावणेतीनशे भरून निघतात. जिमच्या तासात बसणं-थांबणं धरलं तर चालण्यापेक्षाही कमीच जातात.

पूर्णाकाठ

ताई, आभार. पण मग तुम्ही माझ्या बाजूनेच बोलला नाहीत का? वजन खाण्याने उतरतं हे मान्य. मग व्यायामाचं काम काय? जे उतरतंय ते कुठून उतरावं हे ठरवणं. माझी भाकरी कमी झाली म्हणून काटा उतरला, चालणं नसतं तरी बराचसा उतरलाच असता. त्या आठ महिन्यांत रोजच्या तासातला निम्मा वेळ मी वजनांना दिला असता तर माझे दंड असे झाले नसते. व्यायामाने किती कॅलरी जळाल्या हा हिशोबच मला आता चुकीचा वाटायला लागलाय.

आपल्या लोकांना तर हे जास्त लागू आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी फार वर्षांपूर्वी दाखवून दिलंय की भारतीय माणूस दिसायला बारीक आणि आत चरबीचा असतो. 2004 मध्ये त्यांचा आणि एका इंग्रज डॉक्टरांचा एकत्र फोटो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 22.3, अगदी सारखा. इंग्रज डॉक्टरांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2. काटा दोघांनाही सारखंच सांगत होता. असल्या शरीराचे स्नायू आणखी घालवायचे आणि काटा उतरला म्हणून पेढे वाटायचे, हे मला पटत नाही.

औशाची लेक

सर, माझी हरकत अजून तिथेच आहे. तुम्ही 92 चे 83 झाल्यावर हे बोलायलात. नऊ किलो उतरले, साखर काठावरून मागे आली असेल, दम लागायचा थांबला असेल. हे सगळं चालण्याने झालं आणि आता त्यालाच नावं ठेवायची. जो अजून 92 वरच आहे, ज्याला दोन मजले चढवत नाहीत, त्याला "आधी जिम शोध" म्हणालात तर तो काहीच करणार नाही.

आणि ओझं उचलायचं बायकांना शिकवू नका. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तो उन्हाळा आठवा. त्या वर्षी आमच्या घरात मी आणि सासूबाई रोज पंधरा-वीस घागरी वाहायचो. एक भरलेली घागर पंधरा किलोची. डोक्यावर एक, कमरेवर एक. तरी मी 78 किलोचीच होते! ओझं उचलून वजन उतरत असतं तर आमच्या भागात एकही बाई जाड दिसली नसती.

आष्टीकर (बीड)

ताईंना माझा दुजोरा. अविनाश साबळे आमच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य, पुढे हांगझोच्या एशियाडला सुवर्ण. तेव्हापासून आमच्याकडे पहाटे पाचला रस्त्यावर पोरं दिसतात. पळायला पैसा लागत नाही. काळीज आणि फुफ्फुसं मजबूत होतात, बीपी उतरतो, झोप लागते. वजनं उचलून दंड दाखवता येतील, पण बसस्टँडवर एसटी धरायला पळालं की कळतं कुणात किती दम आहे.

मी स्वतः भरतीसाठी पळत होतो. 84 चा 70 झालो. नुसतं पळून.

तालीमवाला (धाराशिव)

आष्टीकर भाऊ, भरतीचं काढलंत म्हणून बोलतो. पोलीस भरतीत 1600 मीटर पळणं आहे, शंभर मीटर आहे आणि गोळाफेकही आहे. पोरांचा गोळा 7.260 किलोचा. मैदानी 50 गुणांतले 15 त्या गोळ्याचे. किती पोरं पळण्यात पैकीच्या पैकी घेतात आणि गोळ्यात मार खातात, तुम्ही बघितलं असेल. अंग दोन्ही मागतं. आणि तुमच्याच जिल्ह्याने राहुल आवारेसारखा पैलवानही दिलाय, पाटोद्याचा, 2018 च्या राष्ट्रकुलला 57 किलोत सुवर्ण. बीडचा दाखला द्यायचा तर दोघांचाही द्या.

आता जिमचं. औशाच्या ताई, तुमचा राग जिमवर आहे, आणि तो बरोबर आहे. पण ताकदीचा व्यायाम म्हणजे जिम हे कुणी ठरवलं? आमच्या तालमीत लोखंड यायच्या आधी काय होतं? जोर, बैठका, सपाट्या, मुद्गल. स्वतःचं अंग हेच वजन. साठ किलोचा माणूस जोर मारतो तेव्हा निम्म्याहून जास्त वजन त्याच्या हातावर असतं. एक रुपया लागत नाही, वीतभर जागा पुरते.

एक गोष्ट पैलवान म्हणून सांगतो, कारण ती काट्यावर जीव टाकणाऱ्यांना कळली पाहिजे. कुस्तीच्या वजनाआधी आम्ही दोन दिवसांत तीन-चार किलो उतरवायचो. पाणी तोडायचं, घोंगडी पांघरून घाम काढायचा. काटा झाला की पाणी प्यायलं, जेवलं, वजन परत. ती चरबी कधीच नव्हती. साध्या माणसाचंही तेच. खाणं तोडल्यावर पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो जातात ते बहुतेक पाणीच. तेवढ्यावर खूश होऊ नका आणि पुढे काटा थबकला म्हणून सोडूनही देऊ नका.

मोतीतलाव (जालना)

मी सहसा लिहीत नाही. पण घागरीचं वाचून लिहावंसं वाटलं.

माझ्या सासूबाईंनी जन्मभर शेतात काम केलं. कापूस वेचला, सरपणाच्या मोळ्या वाहिल्या. साठीनंतर मुलाने शहरात आणलं. खुर्ची, पलंग, टीव्ही. डॉक्टरांच्या सांगण्यावरून सकाळ-संध्याकाळ तलावावर फिरायच्या, अगदी नेमाने. वजन ताब्यात होतं. गेल्या वर्षी गौरी-गणपतीत पंगत जमिनीवर होती. सगळे उठले आणि त्या बसूनच. एक हात जमिनीवर टेकला, दुसरा माझ्याकडे केला, उठवेना. पुन्हा टेकला. घरभर पाहुणे. मग माझ्या मुलाने काखेत हात घालून उठवलं. त्यानंतर त्या खाली बसल्याच नाहीत. आरतीलासुद्धा खुर्ची.

रोज फिरणाऱ्या बाईची ही गत. चालण्याने पाय थांबले नाहीत, पण जमिनीवरून उठायचा जोर चालण्याने येत नाही. आम्ही त्यांना फिजिओकडे नेलं. खुर्चीवरून हात न टेकता उठणं, बसणं. आधी उशी ठेवून उंच खुर्ची, मग साधी, मग पाट. चार महिने. यंदा पाटावर बसल्या.

औशाची ताई, तुझं वय कमी असेल. वजन उतरलंय ते छान झालं. पण घागर उचलणारे हात आता नळ आल्यावर काय उचलतात, ते बघ.

फिजिओ (अंबाजोगाई)

मोतीतलाव ताईंनी जे लिहिलं ते मी आठवड्यातून तीनदा तरी बघते.

घागरीच्या मुद्द्याला उत्तर देते. तुमचं म्हणणं खरं आहे ताई, नुसतं ओझं उचलून वजन उतरत नाही. पण घागर नेहमी पंधरा किलोचीच राहते. शरीर आठ-दहा आठवड्यांत तिला सरावतं, मग त्याला आणखी मजबूत व्हायचं कारण उरत नाही. ताकदीच्या व्यायामात ओझं हळूहळू वाढवायचं असतं, तोच त्यातला गाभा. शिवाय घागर मानेवर आणि कमरेच्या एका बाजूला जाते. ती कष्टाची झीज आहे, त्याला व्यायाम म्हणता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचना सोप्या आहेत: आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम चालणं आणि दोन दिवस तरी स्नायूंचा व्यायाम. आपल्याकडे पहिला अर्धा भाग सगळ्यांना पाठ असतो.

घरी करायचं तर एवढं पुरे. खुर्चीवरून हात न लावता उठ-बस, दहाचे तीन फेरे. स्वयंपाकाच्या ओट्यावर हात टेकून तिरपे जोर. पिशवीत पाच किलो ज्वारी घालून, पाठ सरळ ठेवून, गुडघ्यात वाकून ती जमिनीवरून उचलणं. तेलाचे रिकामे पाच लिटरचे कॅन पाण्याने भरले की पाच-पाच किलोचे दोन वजनं तयार, ते दोन्ही हातांत धरून अंगणात चालायचं. आठवड्यातून दोन-तीन दिवस, वीस मिनिटं. शेवटचे दोन-तीन जड गेले पाहिजेत. सोपे जायला लागले की ज्वारी वाढवा. बीपी असेल त्यांनी उचलताना श्वास कोंडायचा नाही, वर येताना सोडायचा. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काटा किलोभर वर गेला तर घाबरू नका. कामाला लागलेला स्नायू पाणी धरून ठेवतो.

आणि पूर्णाकाठ सर, रात्रीची एक भाकरी ठीक, पण प्रथिनं कुठून घेता? ज्वारीच्या भाकरीत सहा-सात ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात तेवढीच. वजन उतरवताना स्नायू टिकवायचे तर दर किलोला सव्वा ग्रॅमच्या आसपास तरी लागतात. तुम्हाला शंभर ग्रॅम. नुसत्या भाकरी-पिठल्यावर निम्मीही होणार नाहीत. अंडी चालत असतील तर एकात सहा ग्रॅम, 25 ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत तेरा. तुमच्याकडे सोयाबीन पिकतं आणि सगळं मोंढ्यावर जातं. मूत्रपिंडाचा त्रास असेल त्यांनी मात्र मनाने वाढवू नये.

लोखंडी (नांदेड)

फिजिओ ताई, शंभर कॅलरीचं मी कोर्समध्ये शिकलो तसं सांगत आलो होतो. यापुढे सांगणार नाही. पण एक माझं ठाम आहे. जिममध्ये येणाऱ्याला प्रगती आकड्यात दिसते. मागच्या महिन्यात वीस किलो उचललं, आज तीस. ज्याचं वजन उतरायचं थांबलंय त्याला हा दुसरा आकडा टिकवून धरतो. चालणाऱ्याकडे काट्याशिवाय काही नसतं.

औशाची लेक

चालणाऱ्याकडेही असतं दादा. मी आधी एका किलोमीटरला तेरा मिनिटं घ्यायचे, आता दहा.

मोतीतलाव ताई, तुमच्या सासूबाईंचं वाचून मी फोन ठेवला आणि जमिनीवर मांडी घालून बसले. हात न टेकता उठून बघितलं. उठले, पण एका कुशीवर कलून. दुसऱ्यांदा नाही जमलं. हे मी लपवणार नाही.

म्हणून खुर्चीचं आणि ज्वारीच्या पिशवीचं सुरू करते. पण माझं मत तेच: आधी चालणं, तीन-चार महिने, शरीराला आणि घरच्यांना सवय होऊ द्या, मग हे. पहिल्याच दिवशी दोन्ही अंगावर घेतलं तर दोन्ही सुटतं. सर, तुम्ही सांगता तो क्रम बहुतेकांना जमणारा नाही.

पूर्णाकाठ

अडीच महिन्यांनी लिहितोय. मधे बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून.

जिम लावली नाही. तालीमवाले काकांचं ऐकून जोर-बैठका, आणि अंगणात कट्ट्यात माती भरून ठेवलीय. वीस किलोपासून सुरू केली, दर आठवड्याला टोपलंभर वाढवत गेलो. रोज दोन अंडी आणि सोयाबीनच्या वड्यांची भाजी. वजन 82, म्हणजे काट्यावर एकच किलो. घेर 99 वरून 95. गेल्या रविवारी युरियाची 45 किलोची गोणी गुडघ्यावर घेतली आणि खांद्यावर टाकून शेडमध्ये नेऊन ठेवली, दोन खेपा. वडील बांधावर बसून बघत होते. तिसऱ्या खेपेला म्हणाले, "आता ठेव, उद्या हाय की."

कट्ट्याला अजून दहा किलो कमी आहेत. सोयाबीन निघायला महिना आहे.

औशाची लेक

छान वाटलं सर, मनापासून. चालणं किती ठेवलंय ते लिहिलं नाहीत. आणि साखर?

पूर्णाकाठ

खरं सांगतो ताई. आधी रोज चालत होतो, आता आठवड्यातून दोनच दिवस. जोर मारून दमलो की पहाटे उठवत नाही. परवा शाळेचा जिना चढताना दम लागला, आठ महिन्यांत लागला नव्हता. साखर अजून तपासली नाही, तीन महिन्यांची सरासरी काढायची आहे, पुढच्या आठवड्यात जाणार आहे.

उद्यापासून चार दिवस चालणं, तीन दिवस जोर. रात्री जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं बायकोबरोबर फेरी, ती आजच सुरू केली.

औशाची लेक

चार नाही, पाच ठेवा. माझी पिशवी आठ किलोवर आलीय.